कमिटीच्या खांद्यावरची डोली

उठा आधी त्या खडकावरून. फोटो मग काढा. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून एवढ्यावर सोडते. याला येसूचा खडक म्हणतात. करंजमाथ्याचं माणूस यावर पाय ठेवत नाही. आणि वर्षातून एकदा गावची अख्खी कमिटी, म्हणजे तुमची नगरपरिषद, खांद्यावर डोली घेऊन अनवाणी इथं येते. त्याशिवाय बजेटची सभा भरत नाही. का, ते ऐका. ऊन कलेपर्यंत तुम्हाला तरी कुठं जायचंय?

मी त्या खालच्या उंबरवाडीची. मला माझ्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं.

फार जुनी गोष्ट. साहेबलोक उन्हाळ्यात इथं हवा खायला यायचे, त्यांच्यामागनं शेटसावकार. कमिटी नवीनच झालेली. अध्यक्ष केशवशेट मापारी, बाजारातली मोठी हॉटेलं त्याचीच. वाडीला रस्ता तेव्हाही नव्हता आणि दवाखाना तेव्हाही वरच होता. कुणी आजारी पडलं की बांबूला घोंगडी बांधून डोली करायची, दोघांनी पुढून, दोघांनी मागून खांदा द्यायचा आणि बाजारातून सरळ दवाखाना गाठायचा. अशी रीत होती.

ते कमिटीच्या डोळ्यांत खुपायला लागलं. बजेटच्या सभेत बँडस्टँड मंजूर झाला, तळ्याकाठचे दिवे मंजूर झाले. त्याच बैठकीत, म्हणे, केशवशेट उठला. लोक इथं तब्येत सुधारायला येतात, त्यांना कण्हणारी माणसं दिसली तर पुढच्या साली येतील का, असं त्यानं विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि ठराव झाला. सीझन असेतोवर डोली, तिरडी आणि गुरं बाजाररस्त्यानं न्यायची नाहीत, कड्याच्या वाटेनं न्यायची. कड्याची वाट म्हणजे हीच. रिकाम्या हातानं आलात तरी तुम्हाला धाप लागली ना? या वाटेनं आजारी माणूस पोचेल का, असं त्यांच्यातल्या एकानंही विचारलं नाही. माणसं होती की कोण होती, मला आजवर कळलेलं नाही.

वाडीत ठकूबाई नावाची बाई होती. नवरा वारलेला, मुलगा घाटाखाली कामाला, घरात ती आणि सून येसू. येसूचे दिवस भरले आणि मूल आडवं आलं. सुईणीनं हात टेकले, तशी गड्यांनी डोली उचलली. बाजाराच्या तोंडाशी कमिटीचा शिपाई आडवा आला. ठकूबाईनं त्याचे पाय धरले. पलीकडं बँड वाजत होता. शिपायाच्या डोळ्यांत पाणी आलं, असं सांगतात. पण बाजूला काही झाला नाही. त्याच्या रडण्याला काय चाटायचंय?

गडी मागं फिरले आणि या वाटेला लागले. येसूनं पाणी मागितलं म्हणून या खडकावर डोली टेकवली. पाणी तोंडाला लावेपर्यंत ती गेली. पोटातलं मूलही गेलं.

येसूचं सगळं आवरून झाल्यावर ठकूबाई तीच डोली घेऊन गड्यांसकट कमिटीच्या सभेत शिरली. दिव्यांचा खर्च वाढवून घ्यायला सभा भरली होती. घोंगडीवरचं रक्त तिनं धुतलं नव्हतं. सभेच्या मधोमध डोली ठेवली आणि म्हणाली, "हिला ज्या वाटेनं पाठवलंत, त्या वाटेनं तुम्ही न्या. तोवर ही इथनं हलायची नाही."

केशवशेटनं डोली बाहेर फेकायला सांगितली. रिकामी डोली ती, एक बांबू आणि एक घोंगडी. शिपायांना हलेना. हमाल बोलावले, घोडेवाले बोलावले, बांबू वाकला पण डोली जमिनीपासून सुटली नाही. कमिटीचं कामच बंद पडलं. ज्यांच्यापासून डोली लपवायची होती, तेच पाहुणे ती बघायला दारात गर्दी करायला लागले. शेवटी केशवशेटनं कोट काढून स्वतः खांदा लावला. बाकीचे मेंबर आले. तेव्हा कुठं डोली उठली, असं सांगतात.

उठली, पण हलकी झाली नाही. आत भरल्या दिवसांची बाई असावी, इतकं वजन. ठकूबाई पुढं, कमिटी मागं, बाजारातून खाली वाडीत आणि वाडीतून या वाटेनं वर. शेटच्या पायांची सालं निघाली. या खडकाशी डोली जी बसली ती पुन्हा उठेना. केशवशेट तिथंच मटकन बसला.

"बाई, ठराव मोडला," तो म्हणाला. "आता हिला उठू दे."

"तुझा ठराव मोडल्यानं माझी सून उठणार आहे का?" ठकूबाई म्हणाली.

मग तिनं त्यांच्याकडून वचन घेतलं. दरसाल खर्च ठरवायच्या आधी वाडीचं एक माणूस डोलीत घालून या वाटेनं आणायचं. ते मागेल ते आधी द्यायचं, मग दिवेबिवे. सगळ्यांनी खडकाला हात लावून कबूल केलं, तशी डोली उठली म्हणे.

कमिटी आजही डोली आणते, नाही कशाला म्हणू? फेटे असतात, ढोल असतात, व्हिडिओवाले असतात. खांदा दुखू नये म्हणून वाडीतलं हलक्यातलं हलकं माणूस शोधतात. खडकाशी टेकवतात आणि विचारतात, काय पाहिजे? आमचं माणूस म्हणतं, रस्ता. मेंबर हो म्हणतात, टाळ्या पडतात, माणूस उतरतं आणि बजेटमध्ये तळ्यावर रंगीत कारंजं येतं. आम्ही शहाणे दरसाल उतरतो. मागच्या पावसाळ्यात माझ्या नातसुनेला याच वाटेनं आणलं. ती वाचली. मूल नाही वाचलं.

यंदा डोलीचा मान माझा आहे. परवा एक मेंबर घरी येऊन गेला. म्हणाला, आजी, तुमचं काय ओझं, कापूस नुसता. मी म्हटलं, ये बाबा, उचल. माझी भाकरी मी पदरात बांधून घेणार आहे. ते विचारतील, मी रस्ता म्हणेन, ते हो म्हणतील, टाळ्या पडतील. आणि मी उतरणार नाही.