तीनशे पत्रे आणि एक ‘परवा’

आज अष्टमी. तळ्याचा बांध दुभंगू पाहतो, दशमीला पाणी सोडणे भाग आहे, आणि खाली नदीकाठी तीनशे गावे आहेत. सांगा, एका दिवसात सर्वांना पत्रे कशी लिहाल?

राजा इंद्रसेनाने हेच चिटणीस गंगाधरपंतांना विचारले. “सूर्यास्तापूर्वी तीनशे पत्रे! नाहीतर पद सोडा!”

पंतांपाशी लिहिणारा लाकडी पुतळा होता. पंत त्याला एकेक अक्षर सांगत. “प काढ. र काढ. व काढ. वला काना दे.” दुपारपर्यंत अकरा पत्रे झाली आणि स्वारांबरोबर रवानाही झाली.

“अशक्य, महाराज!” पंत म्हणाले.

शाई घोटणारी सगुणा हात पुसत पुढे आली. दप्तरखान्यात बसून ती वाचायला शिकली होती. तिचे वडील नदीकाठीच राहत.

“पंत, अक्षरे कशाला सांगता? काम सांगा.”

“नियम आहे! पुतळा आला त्या वर्षी मीच केला.”

“तेव्हा त्याला अक्षरच कळे. कारागीर दरसाल त्याची चक्रे सुधारतो. पुतळा पुढे गेला, नियम बसून राहिला!”

“आणि चूक झाली तर?”

“मला नगराबाहेर घालवा.”

राजाने मान डोलावली. ईश्वराचे नाव घेऊन सगुणा पुतळ्याला म्हणाली, “परवा पाणी सुटणार. लोकांनी गुरेढोरे घेऊन टेकडीवर जावे, असे पत्र लिही.”

क्षणात पत्र तयार! सगुणाने ते दोनदा वाचले आणि फाडले.

“चुकला ना?” पंत आनंदले.

“चुकले मी. पत्र उद्या पोचेल. वाचणारा तिथून ‘परवा’ मोजील आणि एकादशीची वाट पाहत दशमीलाच बुडेल! ‘दशमी’ लिही रे.”

पुतळा लिहीत गेला, सगुणा एकेक पत्र वाचत गेली. सूर्यास्ताला तीनशे पुरी झाली.

“पंत, तुमच्या अकरा पत्रांत काय आहे हो?”

पंतांचा चेहरा उतरला. “परवा.”

“काना मात्र एकही चुकला नसेल!” म्हणत सगुणाने ती अकराही पुतळ्याकडून नव्याने लिहून घेतली.

राजा खदखदून हसला. “सगुणे, यापुढे तू वाचल्यावाचून पत्रावर मुद्रा उमटणार नाही. पंतांची पालखीही तुझी. पंत, ही अकरा दुरुस्त पत्रे घ्या आणि घोड्यावर बसा!”

अकराही गावे वेळेवर टेकडीवर गेली. पालखीखेरीज कधी न हललेले पंत पुढे आठ दिवस उभ्यानेच जेवले.