पळसदऱ्याची तान्हुबाई

घाटाला अजून रस्ता फुटला नव्हता, माणसं आणि बैल एकाच पायवाटेनं चढायचे, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या कुशीत पळसदरा नावाचं गाव होतं आणि त्या गावात तान्हुबाई नावाची सुईण होती.

तिचा हात फार हलका. पोटावर नुसता तळवा ठेवला तरी आडवं मूल सरळ व्हायचं, असं म्हणतात. गावातलं कुणी मागून खोकलं तरी ती न वळता नाव सांगायची, कारण प्रत्येकाचं पहिलं रडणं तिनं ऐकलेलं होतं.

पण एका वर्षी पटकीची साथ आली. घराघरांतून तिरड्या निघाल्या. जी तरणी माणसं वाचली, ती बायकापोरं घेऊन बंदराकडं कामाला गेली. पहिल्या वर्षी ती सणाला आली, दुसऱ्या वर्षी नुसता निरोप आला, पुढं तोही येईना. मागं राहिली सगळी पिकली पानं. भातखाचरांचे बांध फुटले, ते घालायला कुणाच्या कमरेत जोर नव्हता. एक आजारी पडला की त्याला पाणी द्यायला दुसरा आजारी उठायचा. सात वर्षं गावात पाळणा हलला नाही.

शेवटी बाळोजी पाटलानं उरलेल्यांना देवळात बोलावलं. तो म्हणाला, "होळी झाली की देव उचलू अन् खालच्या वाडीत नेऊन ठेवू. आपल्यामागं त्याला दिवा कोण लावणार?"

कुणीच नाही म्हटलं नाही. तान्हुबाई घरी आली आणि बाळंतिणींसाठी राखलेल्या शेगडीवर स्वतःचे गुडघे शेकत बसली.

होळीला आठ दिवस होते. भर दुपारी घाट चढून एक पाथरवट आला. हणमू त्याचं नाव. गाढवावर छिन्नी-हातोड्यांची गोणी आणि मागून त्याची बायको गिरजा, दिवस भरलेली. देवळापुढच्या पिंपळाखाली ती जी बसली, ती उठेना.

"पाटील, एवढं हिला बाळंत होऊ द्या," हणमू हात जोडून म्हणाला.

पाटील घाबरला. "साथ अशीच वाटसरूंबरोबर आली होती. गावाबाहेर न्या तिला."

तान्हुबाईनं कुणाला काही विचारलं नाही. गिरजाला धरून तिनं सरळ आपल्या घरात नेलं.

मूल आडवं होतं. सात वर्षांत तान्हुबाईचे हात चालले नव्हते. आपली विद्या गेली की काय, असं तिला वाटलं. तिनं हात कोमट तेलात बुडवले, डोळे मिटले आणि गिरजाच्या पोटावर ठेवले. बाहेर म्हातारी माणसं एकेक करून अंगणात जमली. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा आतून रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती. त्या आवाजानं गोठ्यातल्या भाकड गाईंना पान्हा फुटला, असं म्हणतात.

तान्हुबाई नाळ घेऊन बाहेर आली आणि खुरप्यानं उंबऱ्याजवळ खड्डा करू लागली.

"बाय, इथं नाळ पुरली की पोर गावाची होती," पाटील म्हणाला.

"म्हणून तर पुरतेय. पाटील, तुमच्या खापरपणज्याची नाळ कुठं पुरलीय? त्योबी घाट चढूनच आला व्हता न्हवं?"

पाटील पुढं झाला. मग तिच्या हातातलं खुरपं घेऊन खाली बसला आणि खड्डा त्यानंच खणला.

पाचव्या दिवशी सगळ्या गावानं मिळून सटवाईची पाचवी पूजली. बाळाला काजळ घालून झाल्यावर तान्हुबाईनं तेच बोट हणमूच्या आणि गिरजाच्या डोळ्यांतून फिरवलं. "आजपास्नं तुमीबी पाच दिवसांचं," ती हसून म्हणाली. होळी झाली, पण देव उचलायचं कुणी नाव काढलं नाही.

त्या एका उन्हाळ्यात हणमूनं सत्तर बांध घातले, असं सांगतात. खाचरांत पाणी ठरलं. हणमूचे भाऊबंद आले, मागून एक कुंभार आला. गावात पाळणा हलतोय हे बंदरावर कळलं, तेव्हा तिकडं गेलेल्यांतलेही काही परतले. सगळे नाही परतले. पण त्यांच्या लेकी-सुना बाळंतपणाला मात्र तान्हुबाईकडंच येत.

ती किती जगली? कुणी शंभर म्हणतं, कुणी सव्वाशे. ती गेली तेव्हा इतकी माणसं जमली की तिची तिरडी घरापासून नदीपर्यंत नुसती हातोहात गेली, कुणाला पाऊलही टाकावं लागलं नाही, असं म्हणतात.

पळसदऱ्यात आजही कुणी नवं राहायला आलं, मग ती नवी सून असो, वीटभट्टीवरचा मजूर असो की बदली होऊन आलेला नोकरदार, पाचव्या दिवशी गावातली सगळ्यांत म्हातारी बाई त्याच्या घरी जाते. तान्हुबाईचं नाव घेऊन ती त्याला पाटावर बसवते, काजळ घालते, गालाला तीट लावते आणि घरोघर गूळ-खोबरं वाटलं जातं. गेल्या साली शाळेवर एक मास्तर आले. निवृत्तीला वर्ष उरलेलं, मिशा पांढऱ्या झालेल्या. लाजून म्हणाले, "अहो आजी, मला नातवंडं आहेत."

म्हातारीनं त्यांची हनुवटी धरली. "हलू नगंस बाळा," ती म्हणाली, "तीट फिसकटंल."