आळाचे वर्ष

त्या रानात निर्दोष असे कुणीच नव्हते, आणि त्यावाचून कुणाचे काही अडतही नव्हते. रानात चाळीस घराणी होती आणि त्या चाळिसांच्या माथ्यावर एकच खून होता. तो त्यांनी आपसांत वाटून घेतला होता. ज्याची पाळी असेल त्याने तो वर्षभर वागवायचा आणि वर्ष संपले की पुढच्याच्या हवाली करायचा. रीत जुनी होती आणि सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती.

खून झाला होता सारसाचा. तो त्या रानाचा न्याय करीत असे. एके सकाळी नदीच्या उताराशी, सपाट दगडावर तो मरून पडलेला आढळला. पंख नीट मिटलेले, एक पाय पाण्यात, शेजारी अर्धा खाल्लेला शिंगाडा. अंगावर जखम म्हणून दिसत नव्हती. पाणी प्यायला सगळेच तिथे येत, म्हणून पावलांचे ठसे सगळ्यांचेच होते. शिवाय न्याय करणाऱ्याने प्रत्येकाला कधी ना कधी दुखावलेले असतेच, म्हणून कारणही सगळ्यांपाशीच होते. त्याला उताराच्या दरडीत मानाने पुरले, आणि मग रान खुनी शोधायला लागले.

पहिल्या वर्षी कोल्हे धरले. कोल्ह्यांचे नाव घ्यायला पुरावा लागत नाही. अर्धे कोल्हे ठेचून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आले, की सारसाच्या अंगाला दात लागलेलेच नव्हते. दुसऱ्या वर्षी मुंगसे धरली, तिसऱ्या वर्षी पाणमांजरे. एका सारसापायी इतके जीव गेले की भर उन्हाळ्यातसुद्धा उतारावर गर्दी होईनाशी झाली. तेव्हा कासव पुढे आले. ते सावकाश आले, हे सांगायला नको. ते म्हणाले, "खुनी काही सापडत नाही, आणि कुणावर तरी आळ घेतल्याशिवाय तुम्हाला राहवत नाही. मग पाळीपाळीनं घ्या की."

त्यानेच मग नियम घालून दिले. दरडीत, सारसाला पुरले होते त्याला लागूनच एक घळ होती. ज्या घराण्याची पाळी, त्यातल्या वडीलधाऱ्याने वर्षभर त्या घळीत राहायचे. पाण्याला येणाऱ्याजाणाऱ्याने त्याला विचारायचे, "काय, कसा मारलास?" त्याने सांगायचे, "आता आठवत नाही." मात्र रिकाम्या तोंडाने आळ घ्यायचा नाही, विचारणाऱ्याने काहीतरी खायला घेऊन यायचे. पावसाळा सरला की घळीची भिंत लिंपून काढायची, म्हणजे पुढच्याला ती धड मिळेल. वर्षाअखेर खटला, पुराव्याअभावी सुटका, आणि मग पंगत. आता कधी खरोखरच पुरावा सापडला, तर त्या घराण्याने पोराबाळांसकट रान सोडून जायचे, असाही एक नियम होता. पण तो वापरायची वेळ एकोणचाळीस वर्षांत आली नव्हती.

चाळिसावे वर्ष साळिंदरांचे होते आणि त्यांच्यात वडीलधारी होती तान्हूबाई साळू.

तान्हूबाईने या वर्षाची वाट परकर नेसायच्या वयापासून पाहिली होती, असे म्हटले तरी चालेल. साळू परकर नेसत नाही एवढेच. यादीत त्यांचे नाव अगदी शेवटी होते आणि ते तिला फार लागे. बेडकांवर आळ येतो, ज्यांची उडी सारसाच्या गुडघ्याला पोचायची नाही, आणि एवढे काटे अंगावर बाळगणाऱ्या आपल्या घराण्यावर कुणी साधा संशय घेत नाही, म्हणजे काय? एकदा तिने कासवाला तोंडावर विचारलेही होते. कासव म्हणाले, "घाई कसली पोरी? आळ काय पळून जातो?"

आणखी एक गोष्ट तिला कधी उलगडली नव्हती. घळीत वर्ष काढून आलेले लोक साळिंदरांशी उगाचच मऊ बोलत. पण मऊ बोलणाऱ्याला कारण कोण विचारतो?

घळीत राहायला आली आणि तान्हूबाईला आभाळ ठेंगणे झाले. सकाळ उजाडत नाही तोच टिटवी हजर. टिटवी तिची जुनी शेजारीण, आठ वर्षांपूर्वी स्वतः आळ वागवून मोकळी झालेली. दोन शिंगाडे पुढ्यात टाकून ती कर्कश्श आवाजात विचारी, "काय गं तान्हूबाई, कसा मारलास?"

"आता आठवत नाही बाई. वय झालं."

"मारताना वय नव्हतं वाटतं!" असे म्हणून टिटवी पोटभर हसे आणि निम्मा शिंगाडा स्वतःच खाई.

दुपारी हरणे येत, संध्याकाळी उताराशी बैठक जमे. सारस कसा मेला याविषयी रानात बावीस मते होती आणि प्रत्येक मताला कट्टर माणसे होती. धनेश म्हणे, शिंगाड्यात विष होते. मोर म्हणे, सारसाच्या बायकोला विचारा. वटवाघळे म्हणत की सारस मेलेलाच नाही, दगडावर दुसराच कुणीतरी होता, खरा सारस दूरच्या तळ्यावर सुखात नांदतो आहे. वटवाघळे सगळेच उलटे पाहतात म्हणून त्यांचे कुणी मनावर घेत नसे, पण ऐकायला मात्र सगळे सरसावून बसत. वादावादी होई, पिसे निघत नसत. तान्हूबाई मध्यभागी बसून कंद चघळी आणि सगळ्यांच्या शंका मोठ्या मनाने ऐकून घेई. तीन महिन्यांत तिच्या अंगावर मूठभर मांस चढले आणि काट्यांना तकाकी आली. इतकी सुखाची खुनी त्या रानाने पाहिली नव्हती.

पावसाळा सरला. एका सकाळी घळीच्या भिंतीचे लिंपण फुगून ढपलीसारखे खाली आले. चांगले हातभर जाड लिंपण होते. मागे सारसाची मानेची हाडे दिसली, मण्यांसारखी ओळीने बसलेली. तान्हूबाईने हात जोडले आणि माती कालवायला वळणार, तोच तिला त्या मण्यांमध्ये अडकलेला काटा दिसला.

काळा-पांढरा, पट्ट्यापट्ट्यांचा काटा. बुडाशी पिवळसर झाक. तशी झाक साळिंदरांत एकाच घरच्या काट्यांना होती आणि ते घर तिचे स्वतःचे होते.

तान्हूबाईला आपला आजा आठवला. तो या उतारावर कधी पाणी प्यायचा नाही. कोसभर वळसा घालून वरच्या डोहावर जायचा. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्याने एवढी पायपीट का करावी, हे घरात कुणी विचारले नव्हते. गळ्यात रुतलेला काटा वरून दिसत नाही. पिसे असतात तोवर तर नाहीच नाही.

तिने घाईघाईने माती कालवली आणि भिंत लिंपून टाकली. दुसऱ्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना. खाई त्याला खवखवे म्हणतात; इथे खाल्ले होते आजाने आणि खवखव नातीला सुटली होती. येणाराजाणारा नेहमीच्या थट्टेने विचारी, "कसा मारलास?" आणि तिला वाटे, याला कळले. काटे आपोआप उभे राहत.

टिटवी आली. तिनेही विचारले. तान्हूबाईच्या तोंडून ठरलेले उत्तर निघेना. टिटवीने तिच्याकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले.

"लिंपलीस वाटतं भिंत?"

"लिंपली."

"नीट लिंप बाई. माझ्या वर्षी माझी चोच बोथट झाली होती." एवढे बोलून टिटवी न हसताच उडून गेली, आणि शिंगाडेही दोन्हीच्या दोन्ही ठेवून गेली. तान्हूबाई आपल्याच विचारात होती. तिला त्यात काही वावगे वाटले नाही.

गप्प राहिले असते तरी चालले असते. वर्ष संपत आले होते. घरी तिला तीन सुना आणि अकरा नातवंडे होती. तोंड उघडले तर त्यांना घेऊन कुठल्या रानात जायचे, हे तिला सुचत नसे. ती गप्प राहिलीही असती. पण शेवटच्या आठवड्यात म्हातारा भिवबा कोल्हा मधाचे पोळे घेऊन आला.

"तान्हूबाई, आता यादी संपली. पुन्हा पहिल्यापासून. पुढल्या वर्षी मीच येतोय इथं," तो म्हणाला. "जागा कोरडी आहे ना? मला दमा आहे."

"कोरडी आहे दादा."

"बरं झालं. आमच्या आज्याला ह्याच समोरच्या दगडावर ठेचला होता. इथं बसलं की त्याच्यापाशी बसल्यागत वाटतं." तो हे साधेपणाने म्हणाला, तक्रार म्हणून नव्हे.

"भिवबादादा, तुम्हाला राग नाही येत?"

"नाव ठाऊक असलं तर राग धरायचा माणसानं," कोल्हा म्हणाला. "मला कुठं ठाऊक आहे? मध खा. आणि हां, विचारायचं राहिलंच. कसा मारलास?"

तो गेल्यावर तान्हूबाई पोळ्यासमोर बसून रडली. न केलेल्या खुनापायी ज्यांचे अर्धे घराणे गेले, तेच आता पुन्हा आपल्या आज्याचा आळ वागवायला येणार, आणि आपण त्यांच्या पुढ्यात कंद टाकून हसत विचारणार. ते तिच्याने होणार नव्हते. तिने ठरवले. सुनांना सांगून टाकले की सामान बांधून ठेवा, का ते विचारू नका.

मग ती कासवाकडे गेली. "मला खरं सांगायचंय," ती म्हणाली.

कासवाने डोळे मिटून घेतले. "त्याला दिवस नेमलेला आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी सांग. सगळ्यांसमोर. चोरून सांगितलेलं खरं मला झेपत नाही."

खटल्याच्या दिवशी सारे रान उतारावर लोटले. पंगतीची पाने मांडून झाली होती, फणस फोडून ठेवले होते, मुंग्यांना आवरायला दोन पाली नेमल्या होत्या. कासव सारसाच्या दगडावर चढले. चढायला त्याला सकाळ लागली. मग त्याने विचारले, "कुणापाशी पुरावा आहे?"

एकोणचाळीस घराण्यांनी एकामागून एक सांगितले, "नाही."

"आरोपीला काही बोलायचंय?"

इथे आरोपीने "काही नाही" म्हणायचे आणि सगळ्यांनी पानांवर बसायचे, अशी पद्धत होती. पुढची हरणे तर बसलीसुद्धा होती.

"बोलायचंय," तान्हूबाई म्हणाली.

हरणे उठून उभी राहिली.

"सारसाला," तान्हूबाईने श्वास घेतला, "सारसाला आमच्या..."

भिवबा कोल्ह्याने मान वर केली आणि भर दुपारी असा लांबलचक हेल काढला की दम्याने त्याची छाती फुटते की काय असे वाटावे. त्याचा हेल ओसरायच्या आत टिटवी किंचाळायला लागली. मग मुंगसे, मग मोर, मग धनेश. बेडकांनी गालफडे फुगवली. हरणांनी खूर आपटायला सुरुवात केली. पाणमांजरे शेपट्यांनी पाणी बडवू लागली. वटवाघळे कधी नव्हे ती दिवसाउजेडी झाडावरून सुटली आणि चिरचिरत डोक्यावर घिरट्या घालू लागली.

तान्हूबाईने आवाज चढवला. गलकाही चढला. ती ओरडून सांगू लागली: आज्याचे, वळशाच्या वाटेचे, मण्यांमधल्या काट्याचे, पिवळ्या झाकेचे. तिचे तिलाच ऐकू येत नव्हते. सांगता सांगता तिने समोर पाहिले. सगळे जिवाच्या आकांताने ओरडत होते आणि सगळ्यांचे डोळे तिच्या तोंडाकडे लागले होते. त्यांतल्या प्रत्येक घराण्याने त्या घळीत एकेक वर्ष काढले होते. प्रत्येकाने पावसाळ्यानंतर ती भिंत लिंपली होती.

तिला रडू फुटले. रडत रडत तिने शेवटपर्यंत सगळे सांगितले, काही म्हणता काही ठेवले नाही. रान सोडायला आम्ही तयार आहोत, हेही सांगितले. मग तिने तोंड मिटले.

तिचे तोंड मिटले आणि रान गप्प झाले. एक बेडूक तेवढा मागे राहिला होता. शेजारच्याने त्याला कोपर मारले. कोल्हा दगडाला टेकून धापा टाकत होता आणि टिटवी त्याला पंखाने वारा घालीत होती.

इतका वेळ दगडावर नुसती ढाल दिसत होती. आता तिच्याखालून कासवाची मान हळूहळू बाहेर आली. त्याने डोळे पुसले, चाळिसांकडे एकवार पाहिले आणि विचारले, "हं? कुणी काही बोललं का?"