कुडापलीकडची झोप

फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या एका गावात हौसाबाई नावाची एक बाई राहत होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, शेतीचा तुकडाही नव्हता. तिच्याजवळ होत्या बारा कोंबड्या आणि एक तुरेबाज कोंबडा. गावात कुणाला अंडी लागली की लोक तिच्याच दाराशी यायचे. अंड्यांवर तिची चूल पेटायची, आणि कोंबड्यांशी बोलण्यात तिचा दिवस जायचा.

तिच्या अंगणाला लागून रावजीचं घर होतं. तिचं अंगण आणि त्याची खोली यांच्या मध्ये शेणामातीनं लिंपलेला काटक्यांचा एक कूड, एवढंच काय ते अंतर. रावजी गावाचा राखणदार. डोंगरातली रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून तो रात्रभर माचाणावर बसायचा, गोफण फिरवायचा, डबा वाजवायचा. सकाळी घरी येऊन भाकरी खायची आणि कुडाशेजारच्या बाजेवर अंग टाकायचं, असा त्याचा नेम होता.

एके वर्षी हौसाबाईनं खुराडं घराच्या मागून हलवून त्या कुडाला लागून बांधलं. तिथं सकाळचं ऊन यायचं, आणि चुलीपुढं बसून कोंबड्यांवर नजर ठेवता यायची. मागच्या बाजूला दगडी गडग्यात मुंगसाचा वावर होता, त्याची भीती गेली. तिच्या दृष्टीनं सगळंच सोयीचं झालं.

पण कोंबडीची रीत अशी की अंडं घातलं की ती गावभर सांगते. एक ओरडली की दुसरी, दुसरीच्या मागून तिसरी, आणि सगळ्यांच्या वर कोंबड्याची बांग. हे सुरू व्हायचं ते नेमकं रावजीचा डोळा लागायच्या वेळेला.

आठ-दहा दिवस वाट पाहून रावजी तिच्या दाराशी आला. तसा तो भिडस्त माणूस. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं, खुराडं पुन्हा मागं नेता येईल का, असं विचारलं. हौसाबाई म्हणाली, बघते. आणि संध्याकाळी तिनं त्याच्या घरी चार अंडी नेऊन दिली. रावजीनं ती घेतली. खुराडं होतं तिथंच राहिलं.

महिन्याभरानं तो पुन्हा आला. या खेपेला त्याचे डोळे लाल होते. हौसाबाईला वाटलं, अंडी खाल्ली आणि वर पुन्हा तक्रार घेऊन आला.

ती म्हणाली, "रावजी, बाळंतिणीला कुणी गप्प बस म्हणतं का? माझ्या कोंबड्या तर रोज बाळंत होतात."

रावजी आल्या पावली परत गेला. हौसाबाईला आपलं उत्तर फार आवडलं. तिनं ते पाणवठ्यावर सांगितलं, बायका हसल्या, आणि चार दिवस ते आळीत फिरत राहिलं. फिरत फिरत ते रावजीच्याही कानावर गेलं.

त्यानंतर तो आला नाही. त्यानं कानात कापूस घालून पाहिला. ओढ्याकाठच्या जांभळीखाली घोंगडी टाकून पाहिली, तर तिथं माश्या आणि गुरं. देवळाच्या ओवरीत पडून पाहिलं, तर येणारा-जाणारा हटकून उठवायचा. शेवटी तो आपल्या बाजेवरच डोळे मिटून पडून राहू लागला. झोप येवो न येवो.

इकडे हौसाबाईला वाटलं, मिटलं सगळं. माणसाला सवय होते.

मका दाण्यावर आला तेव्हा एका सकाळी गावात ओरडा झाला. डुकरांचा कळप शिरून पाच घरांची शेतं आडवी करून गेला होता. कणसं चिखलात तुडवलेली, भुईमुगाचे वेल उपटलेले. आणि माचाणावर रावजी गोफण उशाला घेऊन गाढ झोपलेला सापडला.

पाटलानं गाव चावडीपुढं बोलावलं. ज्यांची शेतं गेली ते रागानं बोलत होते. कुणी म्हणालं, हा पिऊन पडला असेल. कुणी म्हणालं, आता म्हातारा झाला, नवा माणूस ठेवा. हौसाबाई अंड्यांची पाटी घेऊन तिकडूनच चालली होती. तीही बायकांच्या घोळक्यात थांबली.

पाटलानं विचारलं, "रावजी, बारा वर्षांत तुझ्या हातून असं झालं नाही. आजारी आहेस का?"

"नाही."

"मग झालं काय?"

"डोळा लागला. चूक माझी आहे," रावजी म्हणाला. त्यानं गोफण पाटलापुढं जमिनीवर ठेवली आणि मान खाली घातली.

आता हा आपलं नाव घेणार, असं हौसाबाईला वाटत होतं. घेतलं असतं तर तिच्यापाशी उत्तर तयार होतं. खुराडं माझ्या जागेत आहे, कोंबड्या काय तुझ्या एकट्याच्या कानाशी ओरडतात, असं बरंच काही. पण रावजीनं नाव घेतलंच नाही. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आपण बोललो नाही तर कुणाला काही कळणार नाही, हे तिला दिसत होतं. बोललो तर गाव म्हणेल, विकून टाक सगळ्या कोंबड्या. मग खायचं काय, आणि रिकाम्या अंगणात बोलायचं कुणाशी? पाटील नव्या माणसाचं नाव विचारू लागला. तेवढ्यात हौसाबाईनं पाटी खाली ठेवली.

"पाटील, त्याला झोप मिळाली नाही ती माझ्यामुळं," ती म्हणाली. "दोनदा सांगायला आला होता. एकदा मी अंडी देऊन वाटेला लावला, एकदा हसून."

ज्या बायका पाणवठ्यावर हसल्या होत्या त्या पदराशी चाळा करू लागल्या. मग एक शेतकरी उसळून म्हणाला की आजच्या आज सगळी खुराडी गावाबाहेर काढा. दोघा-चौघांनी त्याची री ओढली. हौसाबाईचा चेहरा उतरला.

तेव्हा रावजीनं मान वर केली. "कोंबड्या कशाला काढायच्या? खुराडं मागं गेलं तरी मला पुष्कळ आहे."

पाटलानं थोडा विचार केला. मग त्यानं गोफण उचलून रावजीच्या हातात दिली आणि हौसाबाईला विचारलं, तुझं काय म्हणणं? तिनं सांगितलं की खुराडं मी आजच हलवते. आणि ज्यांची शेतं गेली त्या पाचही घरांत एकेक कोंबडी देते, पीक काही परत येणार नाही, पण पोरांच्या तोंडी अंडं तरी पडेल. द्यायला तिनं चांगल्या अंड्यावरच्याच कोंबड्या निवडल्या, हे नंतर लोकांना कळलं.

घरी आल्यावर ती आधी रावजीकडे गेली. आवाज कुठून किती येतो ते बघू दे, म्हणाली, आणि त्याच्या बाजेवर बसली. तेवढ्यात पलीकडे तांबडीनं अंडं घातलं. हौसाबाईनं तो आवाज जन्मभर ऐकला होता, पण आपल्या अंगणातून. तिकडे तो ऐकला की तिचा हात आपसूक पाटीकडे जायचा. इथं तो कूड फोडून थेट डोक्यात शिरत होता. पाठोपाठ बाकीच्या सुरू झाल्या. कोंबडा आरवला तेव्हा ती दचकून उठलीच.

"रोज असंच?" तिनं विचारलं.

"आज कमीच आहे," रावजी म्हणाला.

तिनं खुराडं सोडवलं आणि घराच्या मागं नेलं. मुंगसासाठी गडग्याच्या फटी दगडमातीनं बुजवल्या, वर बाभळीच्या काट्या लावल्या. घराच्या बाजूनं कडब्याच्या पेंढ्या उभ्या रचल्या. रावजी हात लावायला आला तर तिनं त्याला झोपायला पाठवलं. दिवस कलायच्या आत सगळं काम आटोपलं. हात धुताना हौसाबाईच्या मनात आलं, एवढंसंच काम होतं. चार महिने आपण ते केलं नाही.

आठवडा गेला. एके दिवशी ऊन चांगलं चढल्यावर रावजी घाईघाईनं तिच्या दारात आला. केस विस्कटलेले, गालावर बाजेच्या सुंभाचे वळ उठलेले.

"हौसाक्का, कोंबड्या बऱ्या आहेत ना? सकाळपासून एकीचाही आवाज नाही. मुंगूस तर नाही आलं?"

हौसाबाईनं पाटी त्याच्यापुढं धरली. पाटीत सहा अंडी होती.

"सातजणींतल्या सहाजणींनी आज घातली," ती म्हणाली. "आणि सहाही जणी ओरडल्या."

रावजी पाटीकडे बघत राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं, आणि तो उंबऱ्यावर बसून कितीतरी वेळ हसला. हौसाबाईनं त्याला पाणी आणून दिलं.

तात्पर्य: शेजारी बोलायचा थांबला म्हणजे त्याचा त्रास थांबला, असं समजू नये. आपला आवाज केवढा आहे, हे एकदा त्याच्या घरात बसून ऐकावं.