बल्बची उष्टी वीज

फार वर्षांपूर्वी एका शाळेच्या प्रयोगशाळेत सेल, बल्ब आणि दोन वायरी गुण्यागोविंदाने नांदत होत्या. लाल वायर सेलकडून बल्बकडे वीज न्यायची, काळी ती परत आणायची.

एके दिवशी काळी फुगली. "लालीला ताजी वीज, आणि मला मेलीला बल्बची उष्टी!" तिने रागारागाने सेलचा हात सोडला. बल्ब विझला.

"उष्टी? मोजूनच बघू की!" वीज मोजणारे अ‍ॅमीटरआजोबा म्हणाले. काळीने नाक मुरडत पुन्हा हात धरला. आजोबा आधी लालीच्या वाटेत बसले, मग काळीच्या. दोन्हीकडे काटा एकाच आकड्यावर!

काळी हरखली. "म्हणजे माझ्याकडेही तेवढीच?"

"हो गं," लाली हसली, "आणि मघाशी तू हात सोडलास, तेव्हा माझ्याकडेही थेंबभर नव्हती."