परक्यांच्या यादीतलं पहिलं नाव

“सूर्य मावळायच्या आत एकही परका माणूस सोनवेढ्यात दिसता कामा नये!” नाकाला कापराची पुरचुंडी लावून राजा धैर्यधरांनी फर्मान सोडलं.

शेजारच्या राज्यात पटकी पसरली होती. सोनवेढ्यात अजून कुणाचं पोटही दुखलं नव्हतं, पण महाराजांची पाचावर धारण बसली होती. एरवी मोठे दिलदार, पण आता कुणी नुसतं शिंकलं तरी तो त्यांना फितूर वाटायचा! आणि गाव तरी काय! ज्या कल्हईवाल्याला काल ओसरीवर बसवून ताक पाजलं, त्यालाच आज दारातून हाकलत होतं.

“पण महाराज, परका ओळखायचा कसा?” प्रधानजींनी दहा हातांवरून विचारलं.

“त्यात काय! ज्याचा जन्म इथला नाही, तो परका. बोलवा त्या ठकूबाई सुइणीला!”

ठकूबाई आली. गावात जन्मलेलं एकूण एक पोर तिला ठाऊक.

“संध्याकाळपर्यंत परक्यांची यादी हवी,” महाराज म्हणाले. “एक जरी नाव सुटलं, तर तुझी गय नाही!”

ठकूबाईला आधी घरचीच आठवण झाली. तिची सून परगावची, दुसऱ्या खेपेची गरोदर, दिवस भरलेले. धावत घरी जाऊन बघते तो काय, शिपायांनी सुनेला बोचक्यासकट वेशीबाहेर नेऊन बसवलेलं! म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक दरबारात परतली.

“यादी झाली, महाराज! पहिलं नाव तुमचं!”

“काय बरळतेस?”

“तुम्ही घरात थोरले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत! आईसाहेब माहेरी गेल्या, तिथंच तुमचा जन्म. तुमच्या मामांनी उंटावरून साखर धाडली होती. मी तेव्हा परकरी पोर, दोन मुठी खाल्ली! दुसरं नाव प्रधानजींचं, तेही थोरलेच. तिसरे सेनापती...”

सेनापती हळूच खांबाआड सरकले.

“अगं, पण मी तान्हा असतानाच इथं आलो!” महाराज ओरडले. “आलो तेव्हा ठणठणीत होतो, आजही आहे!”

“माझी सूनही तशीच आली आणि तशीच आहे, महाराज! वेशीबाहेर एकटीच बसलीय बिचारी. चला, तुमची सोबत होईल तिला!”

महाराजांनी पुरचुंडी भिरकावली आणि पोट धरधरून हसत सुटले.

“फर्मान रद्द! माझी पालखी न्या, ठकूबाईच्या सुनेला घरी आणा! बाळाला सोन्याचे वाळे माझ्याकडून. आणि मोठं झालं की दरबारात घ्या त्याला. इथं एक तरी माणूस अस्सल सोनवेढ्याचा नको का?”