खेकड्यांचा गोल

बगळा शिट्टी फुंकायचा, त्या काळची गोष्ट. ओढ्याकाठी खेकडे आणि बेडकांचा फुटबॉल रंगला होता. जिंकेल त्याला वाळूचा काठ मिळणार होता, पण खेकड्यांचा प्रत्येक चेंडू कडेच्या रेषेबाहेर जात होता.

"बगळा बेडकांना सामील आहे! गोल मुद्दाम भलतीकडे ठेवलाय," म्हातारे नांगीआप्पा ओरडले.

"आम्हाला सामील?" बेडूक म्हणाला. "कालच माझा मेव्हणा गिळलाय त्यानं!"

"आप्पा, तुम्हीच ठेवा गोल हवा तिथं," बगळा म्हणाला.

चेंडू जिथून बाहेर जात होता तिथं आप्पांनी खांब रोवले. खेकडे त्या खांबांकडे तोंड करून धावले आणि पुन्हा बाजूलाच गेले. काठ बेडकांचा झाला.

आप्पांनी वाळूतल्या आपल्याच आडव्या पाऊलखुणांकडे एकदा पाहिलं, नांगीनं त्या हळूच पुसल्या आणि बोंब ठोकली, "बगळा विकला गेला!"